'द एक्झॉर्सिस्ट'मधले खरे पाद्री

काहीजण बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा (४:८) दाखला देऊन म्हणतात की जे शुद्ध तेच मनात आणावं, म्हणून ख्रिस्ती माणसाने भयपट बघूच नयेत. वचन मान्य, निष्कर्ष नाही. दुष्टात्मे तर शुभवर्तमानातही (बायबलमधल्या येशूच्या चरित्रांतही) आहेत. मार्कच्या पाचव्या अध्यायात ते डुकरांच्या अख्ख्या कळपात शिरतात.

आणि 'द एक्झॉर्सिस्ट' (१९७३) हा दुष्टात्म्याने झपाटल्याचा भयपट घ्या. लेखक-निर्माता विल्यम पीटर ब्लॅटी कॅथलिक, जॉर्जटाउन या जेझुइट (म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाच्या) विद्यापीठात शिकलेला. पडद्यावरचे फादर डायर म्हणजे विल्यम ओ'मॅली, खरोखरचे जेझुइट पाद्री. दुसरे जेझुइट, फादर थॉमस बर्मिंगहॅम, सल्लागार होते. छोट्या भूमिकेत दिसतातही. नुसता रक्तपात दाखवणारे सिनेमे मलाही सोसत नाहीत, पण ते श्रद्धेमुळे नव्हे, कंटाळ्यामुळे.