रेव्हॉक्स बी७७ की अकाई जीएक्स-६३०डी?

फितवेडा: वडिलांच्या वीसेक टेप आहेत, ७ इंची स्पूलवरच्या. त्या वाजवायला जुना स्पूल टेप डेक (मोठ्या रिळांच्या टेप वाजवणारं यंत्र) घ्यायचाय. रेकॉर्डिंग करायचं नाही, फक्त ऐकायचंय. अकाई दिसायला देखणी, पण मन रेव्हॉक्सकडे ओढतंय. काय घेऊ?

जुनाखटारा: आधी टेप बघा. स्पूल उलटून दुसरी बाजूही वाजते का? मग फोर-ट्रॅक (टेपवर चार अरुंद पट्टे, प्रत्येक बाजूचे दोन) डेकच हवा. बी७७ टू-ट्रॅकमध्येही (दोनच रुंद पट्टे) निघायचा, म्हणून हेड (टेपला टेकून आवाज वाचणारा भाग) नीट विचारून घ्या. टू-ट्रॅकवर लावलंत तर मागच्या बाजूचं गाणं उलटं मिसळून ऐकू येतं. मी अर्धा तास बिघाड शोधत बसलो होतो!

आता हेड. अकाईचं काच-फेराइटचं, सहसा झिजत नाही. रेव्हॉक्सचं धातूचं. त्यावर हळूच नख फिरवा. टेपच्या कडेशी खाच लागली तर पुढे जाऊच नका.

सोल्डरधूर: दोन्हींतले जुने कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) बदलल्याशिवाय तासन्‌तास चालवू नका. माझ्या डेकमधून धूर निघालाय, वास आठवडाभर गेला नाही.

फितवेडा: टेप दोन्ही बाजूंनी वाजणाऱ्या निघाल्या, आणि तो बी७७ टू-ट्रॅक. अकाईच मग. नख कापलेलं नाही, उद्या जातो बघायला.