पिंक फ्लॉइडचं ते एकच गाणं: बँडचं नाव लावायला हवं होतं का?

मंद्रसप्तक (धागाकर्ता)
८ एप्रिल २०२२ ला पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचं 'हे, हे, राइज अप!' आलं. आदल्या दिवशी घोषणा, दुसऱ्या दिवशी गाणं. त्यामागे अल्बम नाही, दौरा नाही. १९९४ नंतर या नावाने नवं काही रेकॉर्डच झालं नव्हतं. २०१४ चा अल्बमसुद्धा बहुतांशी १९९३-९४ च्या उरलेल्या ध्वनिमुद्रणांतून उभा राहिला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: 'बूमबॉक्स' या युक्रेनी बँडचा गायक आंद्री ख्लिव्न्यूक रशियाचा हल्ला होताच अमेरिकेचा दौरा टाकून मायदेशी लढायला परतला. कीव्हच्या सोफिया चौकात उभं राहून त्याने 'चेर्वोना कलिना' हे पहिल्या महायुद्धाच्या काळातलं युक्रेनी गाणं गायलं. गळ्यात बंदूक, डोक्यावर बेसबॉलची टोपी, साथीला एकही वाद्य नाही. पिंक फ्लॉइडचा गिटारवादक-गायक डेव्हिड गिल्मोरने तो व्हिडिओ पाहिला. त्याची सून युक्रेनी. शिवाय २०१५ मध्ये लंडनच्या एका कार्यक्रमात बूमबॉक्सचे वादक त्याच्या साथीला होते. ३० मार्चला त्या आवाजाभोवती गाणं रेकॉर्ड झालं आणि उत्पन्न युक्रेनच्या मदतकार्याला दिलं गेलं.

माझं स्पष्ट मत: बँडचं नाव लावलं हेच योग्य झालं. गिल्मोरने एकट्याच्या नावावर काढलं असतं तर त्याच्या चाहत्यांपलीकडे फारसं गेलं नसतं. इतकी वर्षं जपलेल्या नावाचं वजन अशा वेळी वापरायचं नाही तर कधी?

खर्ज
साफ असहमत. मूळ व्हिडिओ ऐका. युद्धामुळे वाहतूक बंद, अख्खा चौक गप्प, आणि त्या शांततेत एकटा माणूस गातोय. अंगावर काटा येतो तो त्या एकटेपणामुळे. पिंक फ्लॉइडने सुरुवातीलाच समूहगान घातलं, मग ड्रम्स, मग गिल्मोरचा गिटार सोलो. सोलो सुरेखच आहे, पण साडेतीन मिनिटांच्या गाण्यात तो इतकी जागा खातो की लक्ष गिटारवर जातं. दुसऱ्याच्या हाकेखाली आपली सही केल्यासारखं झालंय.

जुनी_कॅसेट
मुळात हा पिंक फ्लॉइड म्हणायचा का? बासवादक-गीतकार रॉजर वॉटर्स कधीच बँडमधून बाहेर पडला, कीबोर्डवादक रिचर्ड राइट २००८ मध्ये वारला. या गाण्यात बास गिटारवर गाय प्रॅट, कीबोर्डवर नितीन साहनी. दोघेही मोठे कलाकार, पण बँडचे सदस्य नव्हेत.

मंद्रसप्तक
@जुनी_कॅसेट, १९८७ आणि १९९४ च्या अल्बमवरही वॉटर्स नव्हता. ते आपण पिंक फ्लॉइड म्हणूनच ऐकले ना? आणि ड्रमर निक मेसन तर पहिल्यापासून प्रत्येक अल्बमवर आहे. या गाण्याच्या व्हिडिओत त्याचा ड्रम बघा, मारिया प्रिमाचेन्को या युक्रेनी चित्रकर्तीचं चित्र रंगवलंय त्यावर.

@खर्ज, सहीचा आरोप मला पटत नाही. ख्लिव्न्यूक तोफगोळ्याची कपची लागून रुग्णालयात होता. गिल्मोरने त्याला फोनवर गाण्याचा तुकडा ऐकवला आणि त्याचा होकार घेतला. ज्याची हाक त्यालाच विचारलं.

उत्तररात्र
माझा आक्षेप वेगळा आहे. १९९४ ते २०२२ या काळात इराक झालं, सीरिया झालं, येमेन झालं. तेव्हा हे नाव कपाटातच राहिलं. घरात युक्रेनी सून आहे म्हणून बाहेर आलं, असं म्हटलं तर राग येईल, पण दिसतं तसंच. आणि गाण्याआधी काय केलं? १९८७ पासूनचे अल्बम आणि गिल्मोरचं स्वतंत्र काम रशियातल्या स्ट्रीमिंगवरून काढून घेतलं. मॉस्कोतल्या युद्धविरोधी पोराने काय गुन्हा केला होता? हे त्याने हेडफोन लावून ऐकलं असतं तर पुतिनचं काय भलं झालं असतं?

मंद्रसप्तक
रशियातून संगीत काढलं ते मलाही आवडलं नाही. संगीत अडवून रणगाडे थांबत नाहीत, नुकसान फक्त ऐकणाऱ्याचं. पण तो निर्णय वेगळा, गाणं वेगळं. 'बाकीच्या युद्धांवर का नाही' याबद्दल म्हणाल तर, माणूस ओळखीच्याच्या हाकेला आधी धावतो. त्यात ढोंग नाही. सगळ्यांसाठी धावता येत नाही म्हणून कुणासाठीच धावू नये, हे मला कधीच मान्य होणार नाही.

उत्तररात्र
माणसाचं ठीक आहे हो. पण तुम्हीच वर म्हणालात की हे माणसाचं नाही, नावाचं वजन आहे. मग ते कुणाच्या पारड्यात टाकलं आणि कुणाच्या नाही, हा हिशेब लोक मागणारच.

खर्ज
परवानगीचं कळलं, आनंदच आहे. पण परवानगी असणं आणि गाणं चांगलं होणं यांचा संबंध नाही. माझं म्हणणं ऐकण्यापुरतंच आहे: समूहगान राहू दे, ड्रम्स राहू देत, सोलो निम्म्यावर आणा. आणि एखादं कडवं तरी त्याला एकट्याला गाऊ द्या, चौकात गायलं होतं तसं.