यातला सूर्य उगवतोय कुठला? (डिझाईन म्हणजे सजावट की संवाद)

कोरापान:
चार वर्षं ग्राफिक डिझाईन करतेय, परवा पहिल्यांदा स्वतःच्या कामाची लाज वाटली. म्हाताऱ्या माणसांसाठी औषधाच्या वेळांचं कार्ड बनवायचं होतं, शब्द कमी चित्रं जास्त. सकाळला अर्धा सूर्य, संध्याकाळला पण अर्धाच, फक्त एक पिवळा आणि एक केशरी. ऑफिसात सगळे "क्लीन आहे, मस्त". आणि ते छापून आलं ब्लॅक अँड व्हाईट :( दोन्ही सूर्य जुळे भाऊ. एका आजोबांनी कार्ड डोळ्यांजवळ नेऊन विचारलं, "बाळ, यातला उगवतोय कुठला?" मला सांगता येईना. तेव्हापासून डोक्यात घोळतंय की आपण करतो ते नक्की काय, सजावट की संवाद? आणि समजलं नाही तर चूक कोणाची धरायची?

तिरकाठसा:
आपली. विषय संपला.
२००० सालची अमेरिकेतली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक बघा, फ्लोरिडातली पाम बीच काउंटी. वयस्कर मतदारांना अक्षर मोठं दिसावं म्हणून मतपत्रिकेवर नावं दोन पानांवर पसरवली आणि मत द्यायला पाडायची भोकं मात्र मधोमध एकाच रांगेत. डावीकडे उमेदवार अल गोर यांचं नाव दुसरं, पण भोक तिसरं! दुसरं भोक उजव्या पानावरच्या दुसऱ्याच उमेदवाराचं, पॅट ब्यूकॅनन यांचं, त्यांना तिथे ३,४०० च्या वर मतं पडली, आणि गोर अख्खं राज्य ५३७ मतांच्या फरकाने हरले. हेतू चांगलाच होता हो, तुमच्या सूर्यासारखा.

शाईचाडाग:
मान्य, पण उगाच भाव खाऊ नका. आपल्यातल्या बहुतेकांचा दिवस "लोगो जरा मोठा करा" यातच जातो. ब्रिटिश डिझायनर केन गारलंड यांनी १९६४ मध्ये जाहीरनामा काढला होता की डिझायनरची अक्कल मांजराचं खाणं आणि टूथपेस्ट विकण्यात वाया चाललीय, ती पाट्या, पुस्तकं, शिक्षणाच्या साहित्यात लावा. २००० मध्ये तोच नव्याने काढावा लागला, म्हणजे मधल्या ३६ वर्षांत किती फरक पडला ते बघा. सेलचा बॅनर पण संवादच आहे की, फक्त बोलणारा कोण आणि कोणासाठी बोलतोय हे विचारत जा.

लालबिंदू:
@शाईचाडाग, पाट्यांचं काढलंत म्हणून सांगते. ब्रिटनमधे रस्त्यावरच्या शाळेच्या जुन्या पाटीवर टोपी-दप्तरवाला मुलगा छोट्या मुलीला घेऊन चाललेला असायचा. नव्या पाट्या काढणाऱ्या डिझायनर मार्गारेट कॅल्व्हर्टना ते जुनाट, बड्या शाळेतलं वाटलं, त्यांनी मुलगी मोठी केली आणि तिच्या हातात छोट्या मुलाचा हात दिला. गाडीवाल्याला जे कळायचं ते कळतंच, पण कोण कोणाला सांभाळतं हेही त्या पाटीने न बोलता बदललं. माझ्या मते सामाजिक भूमिका ती हीच, पोस्टरवर मुठी काढणं नाही.
@कोरापान ताई, पुढच्या वेळी छापायच्या आधी झेरॉक्स काढून चार जणांना द्या आणि "कळलं का" असं मुळीच विचारू नका, सगळे हो म्हणतात. "आता काय करणार ते सांगा" म्हणा.

कोरापान:
केलं. सकाळसाठी कोंबडा काढला होता, एक आजी म्हणाल्या, "गोळी चिकनबरोबर घ्यायची का?" 😅 मग घड्याळ काढलं, तर आठ म्हणजे सकाळचे की रात्रीचे, परत तेच. आता अंथरुणातून उठणारा माणूस आणि अंथरुणात शिरणारा माणूस आहे, खाली ठळक अक्षरात सकाळ आणि रात्र, आणि संध्याकाळची गोळी रात्री चालेल का ते डॉक्टरांना विचारलंय. चारपैकी तिघांनी बरोबर सांगितलं. चौथ्या आजोबांना परत भेटायला जातेय उद्या.