शेतावर पाच दिवसांचं उन्हाळी शिबिर: मुलांच्या हाताला नेमकं काय काम द्यावं?

बांधावरची बाभूळ (प्रश्न):
पुरंदर तालुक्यात तीन एकर रान आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात ९ ते १३ वयाच्या २४ मुलांचं पाच दिवसांचं निवासी शिबिर ठरतंय. विहीर आहे, प्लास्टिक अस्तराचं शेततळं आहे, दोन गाई आणि एक वासरू आहे. बैलगाडीची फेरी आणि चुलीवरची भाकरी एवढ्यावर शिबिर संपू नये असं मनापासून वाटतं. मुलांनी स्वतः करावं, मोजावं, आणि बिघडलं तर का बिघडलं हे त्यांना कळावं. पण मेमध्ये रान मोकळं असतं, पेरणी नाही की काढणी नाही. मग द्यायचं काय? आणि कुठे गाफील राहून चालणार नाही?

काळी माती:
मे रिकामा नसतो, तो खरिपाच्या तयारीचा महिना आहे. मुलांना तीच तयारी करू द्या. फक्त ज्या गोष्टींना वेळ लागतो त्या पहिल्याच सकाळी सुरू करा, नाहीतर पाचव्या दिवशी दाखवायला काहीच नसतं.

बियाण्याची उगवण तपासणी सगळ्यात चांगली. सोयाबीनचे १०० दाणे मोजून घ्यायचे, निवडायचे मात्र नाहीत. मुलं हमखास टपोरे दाणे वेचतात आणि आकडा खोटा येतो. गोणपाट भिजवून पिळायचं, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी, दाण्यांत बोटाच्या पेराएवढं अंतर. वरून दुसरं ओलं गोणपाट, सैल गुंडाळी, आणि माठाजवळ सावलीत. मेच्या हवेत ते दुपारपर्यंत वाळतं, म्हणून दिवसातून तीनदा पाण्याचा शिपका. पाणी ठिबकेल इतकं ओलं ठेवलं तर बुरशी येते. दाणे आधी भिजत घालू नका, सोयाबीनची साल नाजूक असते, ती फाटते आणि दाणा कुजतो.

पाचव्या दिवशी सरळ मूळ आलेले दाणे मोजायचे. ७० किंवा जास्त आले तर एकरी ३० किलो बियाणं. त्याखाली दर एका टक्क्यामागे अर्धा किलो वाढवायचं, म्हणजे ६० आले तर ३५ किलो. हे गणित मुलांनीच मांडावं.

त्याच सकाळी मातीची बाटलीही लावा. एक लिटरची पारदर्शक बाटली, तिसरा हिस्सा फोडून चाळलेली माती, बाकी पाणी, चिमूटभर धुण्याचा सोडा. पाच मिनिटं हलवून ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात बसते, पोयटा दोन-तीन तासांत, चिकणमातीला एक दिवस किंवा जास्त लागतो. ओढ्याकाठची माती आणि माळाची मुरमाड माती शेजारी शेजारी ठेवा, फरक पट्टीनं मोजता येतो.

ओळंबा:
माझ्या मते मोठ्या मुलांना ए-फ्रेम बनवायला द्यावी. पाणलोटाच्या कामात समपातळी रेषा, म्हणजे उतारावर एकाच उंचीवरून जाणारी रेघ, आखायला हेच साधन वापरतात आणि खर्च जवळजवळ शून्य. सात-सात फुटांचे दोन बांबू टोकाशी घट्ट बांधा, पाय साधारण पाच फूट फाकवा, मधे कमरेएवढ्या उंचीवर आडवी काठी. टोकापासून सुतळी सोडून तिला पावशेर वजनाचा दगड बांधा, हाच ओळंबा; तो आडव्या काठीच्या खाली वीतभर लोंबला पाहिजे.

आता खरी गंमत. पाय टेकले तिथे दोन खुंट्या ठोका, सुतळी आडव्या काठीला जिथे लागते तिथे खूण करा. मग पायांची अदलाबदल करून त्याच खुंट्यांवर फ्रेम ठेवा आणि दुसरी खूण करा. दोन्ही खुणांचा मध्य म्हणजे समपातळी. तिथे सुतळी आली की दोन्ही पाय एकाच पातळीवर. एक पाय तिथेच ठेवून दुसरा फिरवत पुढे जायचं आणि प्रत्येक टेकणीवर फक्की टाकायची. उतारावरची फक्कीची रेघ वळत जाते ते पाहून मुलं चकित होतात.

चुकतं कुठे? गाठ सैल झाली की पाय सरकतात आणि खूण खोटी ठरते, म्हणून बांधण्याआधी बांबूला खाच घ्या. वाऱ्यानं ओळंबा हलतो, म्हणून आठच्या आत उरका. शेवटी रेघेवर चार बोटं खोल चर काढून बादलीभर पाणी ओता. पाणी एका टोकाला पळालं तर आखणी चुकली. वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

बांधावरची बाभूळ:
फारच उपयोगी. दूध काढायला मात्र चोवीसही मुलं मागे लागतील. एकाच सकाळी सगळ्यांना संधी द्यावी का?

दावणीजवळ:
अजिबात नको. गाईभोवती कोंडाळं झालं, गलका झाला की ती पान्हा चोरते. बिचकलेली गाय दूध सोडत नाही आणि लाथही मारते. एका वेळी दोनच मुलं, सोबत रोजचा धार काढणारा माणूस, वासरू समोर. आधी सड धुऊन पुसायचे, पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या वाटीत काढून टाकायच्या. अंगठा-तर्जनीनं सड वरून आवळायचा, मग बाकीची बोटं क्रमानं मिटायची. ओढायचं नाही. मुलं ओढतात, त्यानं सड दुखतात. दोन गाई, दोन वेळा, म्हणजे दिवसाला आठ मुलं. तीन दिवसांत सगळी होतात. निरसं दूध कुणालाही देऊ नका, उकळूनच.

रानवाट:
सुरक्षेबद्दल स्पष्ट लिहितो. विहिरीपेक्षा शेततळं जास्त धोक्याचं. ओल्या, शेवाळलेल्या प्लास्टिकवर पोहता येणारा मोठा माणूसही वर चढू शकत नाही. चारही बाजूंनी पाच फुटी जाळी, कुलूप, आणि आत प्रत्येक बाजूला खुंटाला बांधलेला गाठींचा दोर पाण्यात सोडलेला. हे झाल्याशिवाय शिबिर घेऊच नका.

मुलांना जमिनीवर झोपवू नका. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश दुखत नाही, सूजही फारशी येत नाही. खाट आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी. रात्री लघवीला जाताना टॉर्च आणि बूट, सकाळी बूट झटकूनच घालायचे. पहाटे एखादं मूल पोटात दुखतंय म्हणालं आणि पापण्या जड दिसल्या तर दंशाची खूण शोधत बसू नका. १०८ ला फोन करून दवाखाना गाठा. करकचून बांधणं नको, चिरणं नको. सर्पदंशाची लस आणि व्हेंटिलेटर कुठल्या दवाखान्यात आहे हे आधीच स्वतः जाऊन विचारून या. विंचवासाठीही तीच चौकशी. लाल विंचवाच्या विषावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केलेलं प्राझोसिन हे औषध तिथे असलं पाहिजे.

काम सकाळी साडेसहा ते दहा आणि संध्याकाळी साडेचारनंतर. दर अर्ध्या तासाला पाणी, मधे मीठ घातलेलं ताक किंवा पन्हं. सहा मुलांमागे एक मोठं माणूस. विळा १२ वर्षांखालच्यांना नको, खुरपं पुरे. फवारणीची औषधं आणि पंप कुलपात.

बांधावरची बाभूळ:
जाळीचं काम याच आठवड्यात काढतो. एक शंका: आमच्याकडे सोयाबीन कमी, मूग जास्त. मुगावर उगवण तपासणी चालेल?

काळी माती:
चालेल, उलट लवकर दिसेल. मुगाला किमान उगवण ७५ टक्के धरा आणि तिसऱ्या दिवशी मोजा. काही दाणे फुगलेच नाहीत असं दिसेल, ते गणंग. मुलं त्यांना मेलेले समजून फेकतात. तसं करू देऊ नका, वेगळे मोजा. त्यांची साल पाणी आत घेत नाही एवढंच. त्यातले दहा पॉलिश पेपरवर हलके घासून पुन्हा ओल्या फडक्यात ठेवा आणि दहा न घासता शेजारी. दुसऱ्या दिवशी घासलेले फुगलेले दिसतील.