आत जाण्याआधीचे दिवस : स्वतःला स्वीकारल्याचे अनुभव

शिक्षा झाल्यावर तुरुंगात हजर होईपर्यंत ज्यांना 'मी खरं तर कोण' या प्रश्नाला सामोरं जावं लागलं, त्यांच्यासाठी हा धागा. गुन्हा, नाव, गाव काहीही सांगू नका. कुणाच्या निर्णयाला नावं ठेवू नका. सुरुवात मी करते.

मला २१ दिवस मिळाले होते. ४२ वर्षं मी पुरुष म्हणून काढली. मी बाई आहे हे लहानपणापासून कळत होतं, पण ते कधी तोंडून निघालं नव्हतं. आत घेताना अंगझडती होते, रजिस्टरात लिंग लिहितात, हे वकिलांनी सांगितलं आणि माझी झोप उडाली. माझ्याबद्दलची पहिली नोंद एक अनोळखी माणूस करणार, तीही चुकीची!

ताईला सांगितलं. ती कपाट आवरत होती. बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "तुला हाक काय मारू?" माझ्याकडे नावच नव्हतं. ते ठरवायला तीन दिवस लागले.

वकिलांनी अर्जात नेल्सन मंडेला नियमांचा आधार घेतला. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या या नियमांतला सातवा नियम सांगतो, की कैद्याची ओळख नोंदवताना त्याला स्वतःला जाणवणाऱ्या लिंगाचा आदर ठेवावा. हे नियम कायद्यासारखे बंधनकारक नाहीत. मला पुरुषांच्याच तुरुंगात ठेवलं, पण खोली वेगळी, आंघोळीची वेळ वेगळी. रजिस्टरात जुन्या नावापुढे 'उर्फ' लिहून माझं नाव आलं. त्या एका शब्दावर मी पहिले कित्येक महिने काढले.

प्रतिसाद १
मी समलिंगी आहे. आत कुणालाही सांगायचं नाही हे मी आधीच ठरवलं, जिवाची भीती होती. त्याची मला लाज वाटत नाही. पण बाबांना मात्र आदल्या आठवड्यात सांगितलं. ते उठून बाहेर गेले. पहिल्या मुलाखतीला जाळीपलीकडे तेच उभे होते. त्या विषयावर अजून एक शब्द बोललेले नाहीत. येतात मात्र दर वेळी.

प्रतिसाद २
माझं वेगळं आहे, इथे चालेल ना? मला अडकवलं, असं मी सगळ्यांना सांगत आलो होतो. हजर व्हायच्या आदल्या रात्री मुलाला खरं सांगितलं, की पैसे मीच घेतले. तो म्हणाला, "मला माहीत होतं."

प्रतिसाद ३
माझा मुलगा जन्माने मुलगी. पुढच्या महिन्यात त्याला हजर व्हायचंय. त्याची हार्मोनची औषधं चालू आहेत. आत बंद झाली तर? तो काही बोलत नाही, नुसता भिंतीकडे बघत बसतो.

धागाकर्ती
काकू, उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून औषधाचं नाव, मात्रा आणि कधीपासून चालू आहे हे लेखी घ्या. तीन प्रती करा : एक वकिलांकडे, एक तुमच्याकडे, एक त्याच्यासोबत. आत घेतल्यावर लवकरात लवकर वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, हेही त्याच नियमांत आहे. त्या वेळी कागद पुढे करायला सांगा. आणि तो भिंतीकडे बघत बसला तर तुम्हीही शेजारी बसा. माझी ताई बसायची.