अकरावीच्या मुलांकडून मानसशास्त्राचे प्रयोग करून घ्यावेत का?

जोडभावीकर: मी अकरावीला मानसशास्त्र शिकवते. माझं स्पष्ट मत आहे की व्याख्या घोकून घेण्यापेक्षा मुलांकडून एक तरी प्रयोग करून घ्यावा. आमच्या सोलापूरच्या पूर्वभागातली कितीतरी पोरं यंत्रमागाच्या खटखटीतच अभ्यास करतात. म्हणून आम्ही विषय घेतला, मागाच्या आवाजात पाठांतर होतं का? आधी शांततेत २० शब्द, मग मोबाइलवर भरून आणलेल्या आवाजात दुसरे २०. आवाजातच जास्त आठवले! पोरं खूश. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, दुसऱ्या वेळेला सवय झाली होती ना?" मग निम्म्यांना आधी आवाज, निम्म्यांना आधी शांतता असं परत केलं, तर फरक जवळजवळ उरलाच नाही. 'क्रमाचा परिणाम' हे फळ्यावर लिहून एवढं कधीच पोचलं नसतं.

बारावीचे पालक: हेतू चांगला आहे, पण पेपरात व्याख्याच येतात. गेलेले तास कोण भरून देणार? आणि ३० पोरांवरून सिद्ध काय होतं?

समुपदेशक: माझी हरकत वेगळी आहे. एका वर्गात ताणतणावाची प्रश्नावली नावं घालून भरून घेतली. मधल्या सुट्टीपर्यंत एका मुलीचे वडील पितात हे सगळ्यांना कळलं. ती मुलगी आठवडाभर वर्गात आली नाही. १९२० साली वॉटसन आणि रेनर या मानसशास्त्रज्ञांनी तान्ह्या बाळाच्या मनात पांढऱ्या उंदराची भीती बसवली आणि ती न घालवताच प्रयोग संपवला. जाणत्यांना हे भान राहिलं नाही, तिथे सोळा वर्षांच्या पोरांच्या हाती प्रश्नावल्या कशा द्यायच्या?

जोडभावीकर: पालकहो, ३० जणांवरून काही सिद्ध होत नाही, हेच तर त्यांना स्वतःहून कळायला हवं. उद्या व्हॉट्सअ‍ॅपवर 'संशोधनातून सिद्ध' असं आलं की ती विचारतील, किती जणांवर? तुलना कुणाशी? समुपदेशकांचं मात्र मला पूर्ण पटलं. नावं नकोत, घरचे विषय नकोत, 'नको' म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही.

तेलुगू घरातला: मानसशास्त्रज्ञ स्ट्रूपचा १९३५ चा प्रयोग मी धाकट्या भावावर केला. हिरव्या शाईत 'लाल' लिहिलं, सांगायचा फक्त शाईचा रंग. मराठी शब्दांना अडखळला, तेलुगू लिपीतल्या शब्दांना अजिबात नाही. तेलुगू तो दिवसभर बोलतो, पण वाचता येत नाही! वाचन आपोआप होतं म्हणजे काय, हे मला तेव्हा समजलं.

समुपदेशक: असे प्रयोग जरूर करा. फक्त पालकांची संमती घेताना नुसता कागद पाठवू नका. विड्या वळणाऱ्या आईला तो वाचता येईलच असं नाही, तिच्या भाषेत समोर बसून सांगा.