'प्रेस्टो आजिताटो'ला मराठीत काय म्हणायचं?

मंडळी मदत हवीये. आमच्या सोसायटीच्या दिवाळी पहाटला यंदा मी पियानो वाजवणारे (डिजिटलच आहे, दोघांनी उचलून खाली न्यायचा), बीथोव्हेनच्या मूनलाइट सोनाटाचा तिसरा भाग. पहिला भाग सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेला असतो, तिसरा ऐकवला की लोक विचारतात हे त्याच माणसाचं का? कमिटीचा आग्रह असा की पत्रिका पूर्ण मराठीत हवी आणि नोटेशनच्या डोक्यावर इटालियनमध्ये लिहिलंय प्रेस्टो आजिताटो. एका ॲपला विचारलं तर म्हणे "तिसरी चळवळ : लवकर आंदोलन". म्हणजे लोक चकल्या खातायत आणि मी मोर्चा काढतोय. सध्या "द्रुत, अस्वस्थ" लिहिलंय पण वाचलं की पित्त झाल्यासारखं वाटतं. काय लिहू?

---

चळवळ 😂😂 मूव्हमेंटला सरळ भाग म्हणा. 'चलन' म्हणावंसं वाटतं पण ते रागाचं असतं, शिवाय लोकांना नोटा आठवतील. जर्मनमध्ये याला झाट्स म्हणतात, त्याचा एक अर्थ वाक्य असाही आहे, म्हणजे तीन वाक्यांचा सोनाटा. हे मला फार आवडतं पण पत्रिकेत नका लिहू.

---

मी गेली नऊ वर्षं मिलानजवळ राहते म्हणून नाक खुपसते. पहिली गोष्ट, इथे प्रेस्तो आणि आजितातो असं त दाबून म्हणतात. दुसरी म्हणजे तुमचं ॲप "लवकर"ला चुकलेलं नाही! प्रेस्तो हा इथे रोजच्या वापरातला साधा शब्द आहे, लवकर उठले म्हणायचं तर प्रेस्तो, मुलांना लवकर आटपा म्हणून ओरडायचं तरी प्रेस्तो, आणि निघताना 'आ प्रेस्तो' म्हणजे भेटू लवकरच. मराठीत 'लवकर' अगदी हेच सगळं करतो, पहाटेचं लवकर वेगळं आणि आटप लवकर वेगळं पण शब्द एकच, इंग्रजीला यासाठी दोन-तीन शब्द लागतात. अलेग्रो या दुसऱ्या वेगाच्या शब्दाचं तर आणखी गंमतीशीर आहे, इथे कुणी गाडी अलेग्रो चालवत नाही, माणूस अलेग्रो असतो, म्हणजे आनंदी, दिलखुलास.
आणि आजितातो मी सगळ्यात जास्त ऐकते ते हवामानाच्या बातम्यांत. 'मारे आजितातो' म्हणजे खवळलेला समुद्र. झालं की तुमचं काम, "जलद, खवळलेला".

---

ताई मस्त माहिती. आमच्या घरी वॉशिंग मशीनमध्ये जो मधला खांब कपडे घुसळतो त्याला ॲजिटेटर म्हणतात, म्हणजे 'घुसळत' पण चालेल :))

---

'द्रुत'बद्दल थोडं. संस्कृतात द्रु धातू म्हणजे धावणे, वाहणे, आणि द्रुत म्हणजे वेगवान तसंच वितळलेलंही, द्रव त्यातूनच आला. आपल्याला तो भेटतो एकतर ख्यालात नाहीतर मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, तिथे वाहनं खरोखर वितळत असतात ती गोष्ट वेगळी. पण द्रुत म्हटलं की आपला श्रोता विलंबित आधी शोधतो, हळूहळू लय वाढत आलेली असते. तुमचा भाग पहिल्या मात्रेपासूनच सुसाट सुटतो. त्यामुळे "जलद" बरं.
आंदोलनाचा विनोद मात्र अर्धाच विनोद आहे हं. आंदोलन म्हणजे मुळात झोका, हेलकावा. मोर्चावाला अर्थ नंतरचा. दरबारीतला गंधार आंदोलित असतो म्हणतो ना आपण. पण तो झोका किती संथ, किती राजेशाही, आणि इथे बीथोव्हेनला नेमकं उलटं हवंय. शब्द तंतोतंत जुळतो आणि अर्थ पार पलीकडच्या काठावर.

---

"खवळलेला"ला माझा विरोध. मी पियानो शिकवते, या भागात विद्यार्थी सगळ्यात जास्त चुकतात ते याच कल्पनेमुळे. पहिलं पान नीट बघा, सुरुवातीला लिहिलंय पियानो, म्हणजे हळू आवाजात. खालून वर स्वरांच्या लाटा येतात त्या सगळ्या दबक्या, आणि टोकाला दोन कॉर्ड्‌स, त्यावर स्फोर्त्सांदो, म्हणजे अचानक जोर, तिथेच काय तो तडाखा. तोही समेवर नाही, दुसऱ्या बारच्या चौथ्या मात्रेवर! म्हणजे ऐकणाऱ्याच्या पायाखालची फरशीच सरकते. पेडलसुद्धा त्या कॉर्ड्‌सनाच, खालच्या लाटा कोरड्या ठेवायच्या. मुलं पहिल्या सुरापासून खवळतात, पेडल दाबून धरतात आणि तडाख्याची वेळ येते तेव्हा हातात शिल्लक काहीच नसतं. हे आतल्या आत चाललेलं आहे. धुमसणं म्हणा, तगमग म्हणा, घालमेल म्हणा.

---

धाग्याचा मालक परत आलो. मॅडम तुम्ही माझंच वर्णन केलंत. पहिले चार महिने मी खवळूनच वाजवलं, पानभर झालं की कोपरापासून हात दगड, त्यातून दुसरी थीम येते तिथे डाव्या हाताला तीच तीच सोळांशाची वळवळ. आमच्या सरांनी शेवटी मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) साठवर आणून ठेवला आणि आवाज न करता वाजव म्हणाले, मग ठाय, मग दुगुन असं (सर तबल्यातले नाहीत, शब्द माझा). आता कुठे लाटा जरा दाणेदार व्हायला लागल्यात. शिवाय एक कळलं की १८०१ च्या सुमाराचे व्हिएन्नातले पियानो आजच्यापेक्षा बरेच हलके होते, पट्टी कमी खोल दाबावी लागायची, म्हणजे दोष सगळा माझ्या मनगटाचा नाही, हे घरी दोनदा सांगून झालंय.
पण प्रश्न तसाच आहे. धुमसणं मला हळू वाटतं, निखाऱ्यासारखं. घालमेल म्हणजे दोन मनं, जाऊ की नको. इथे तसला संशय नाहीये, फक्त बसवत नाही.

---

मग तगमगच. उन्हाळ्यात रात्री लाइट गेल्यावर होते ती. अंग शांत पडलेलं, आत सगळं पळतंय.

---

एक भर. हे शब्द अपुरे आहेत अशी तक्रार खुद्द बीथोव्हेनची होती. १८१७ मध्ये मोझेल नावाच्या संगीतकाराला त्याने पत्र लिहिलं, त्यात अलेग्रोवरच घसरलाय, शब्दाचा अर्थ आनंदी आणि संगीत पुष्कळदा नेमकं उलटं. म्हणून मेट्रोनोम आल्यावर तो खूश होता. पण त्याच पत्रात म्हणतो की स्वभाव सांगणारे शब्द सोडता येणार नाहीत, लय हा देह असेल तर हे शब्द म्हणजे आत्म्याची गोष्ट. त्या हिशोबाने प्रेस्टो देह आणि आजिताटो आत्मा, तेव्हा "जलद" वर वेळ घालवू नका, सगळा जीव दुसऱ्या शब्दात आहे. मूनलाइट हे नाव मात्र त्याचं नाही, रेलश्टाब या समीक्षकाला पहिल्या भागात सरोवरावरचं चांदणं दिसलं म्हणून ते चिकटलं. तिसऱ्यात चांदणं शोधायला जाऊ नये कुणी.

---

> तिसऱ्यात चांदणं शोधायला जाऊ नये

आणि पहाटे सहाला तर नाहीच.

---

फायनल पाठवलं कमिटीला : "सोनाटा, तिसरा भाग. जलद लयीत, तगमगीने." दहा मिनिटांत सेक्रेटरी काकांचा फोन, अरे तब्येत बरी आहे ना, नसेल जमत तर तुझ्याऐवजी भक्तिगीतवाल्यांना दहा मिनिटं जास्त देतो.